टाळेबंदीतली बेगमी

१९ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. रविवारी, २२ तारखेला, जनता कर्फ्यू पाळा असं त्यांनी सांगितलं आणि त्याच भाषणात सामान साठवायला धावू नका असंही बजावलं. भाषण संपतं न संपतं तोच आमच्या पुण्यातल्या धनकवडीच्या गल्लीत दुचाक्या सुरू झाल्याचे आवाज यायला लागले. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले होते, ९ मार्चला, त्यामुळे शहर आधीच धास्तावलेलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तासाभरात आटा संपला, मॅगी संपली, डेटॉल साबण संपला. कांदे-बटाटे लोक किलोनं नाही, गोणीनं नेत होते. त्या लोकांना नावं ठेवावीत असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. उद्या दुकान उघडेल की नाही हे सांगणारं कुणी नसलं की माणूस हाताला लागेल ते उचलतो.

आमच्याकडेही पिशव्या निघाल्या होत्या. नवरा चपला घालत होता, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधी डबे उघडा. घरात काय हाय ते बघा, मग जावा."

सासूबाई मराठवाड्यातल्या भूमकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्यानं नांदायला आलेल्या होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, रेशनवर मिळायचा तो परदेशी लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) खाल्ला, कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे पिठाचा सुका खाऊ, पदरात बांधून घरातल्या पोरांसाठी आणली. टंचाईबद्दल त्या बोलायला लागल्या की आम्ही ऐकून घेतो. त्यांचं सांगणं असं, की घाबरून भरलेल्या घरात नको ते पडून राहतं आणि लागतं ते आणायचं राहतं. दुष्काळात त्यांच्या गावात काही घरांत ज्वारीची पेवं भरलेली होती, पण मीठ आणि काडेपेटी शेजारून मागावी लागायची.

म्हणून त्या रात्री आम्ही कुठेही गेलो नाही. शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला आणि डबे मोजायला बसलो.

महिन्याचं सामान आणणाऱ्या बाईला कुठला डबा किती दिवस पुरतो याचा अंदाज असतोच. पण अंदाज आणि वजन यात फरक निघतो. आम्ही घरात पाच जणं: सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. पोळ्यांचं पीठ दिवसाला सहाशे ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे महिन्याला अठरा किलो गहू. तांदूळ आठ किलो, तूरडाळ सव्वातीन किलो, मुगाची डाळ एक किलो, तेल चार लिटर, साखर चार किलो, चहा पावडर पाऊण किलो, शेंगदाणे दीड किलो, मीठ किलोभर, तिखट तीनशे ग्रॅम. भाकरीसाठी ज्वारी चार-पाच किलो. हे आकडे वहीत डावीकडे लिहिले आणि उजवीकडे घरात त्या क्षणी काय होतं ते. उजव्या बाजूला बघितल्यावर सगळ्यांच्याच जिवात जीव आला. गहू तर पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढे होते, कारण आदल्या वर्षीच्या सिहोर गव्हातले पोत्याहून जास्त शिल्लक होते. तांदूळ होता. कमी होतं ते तेल, डाळ आणि साबण.

यातला एक हिशेब नंतर बदलावा लागला आणि तो मुद्दाम सांगते, कारण कुठल्याच यादीत तो मी पाहिलेला नाही. ऑफिस आणि शाळा चालू असतानाचा खप आणि सगळी माणसं दिवसभर घरात असतानाचा खप वेगळा असतो. एरवी नवरा दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायचा, मुलं मधल्या सुट्टीत काहीबाही विकत घ्यायची. आता सगळ्यांचं दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता आणि संध्याकाळचं खाणं घरातच. चहाचं प्रमाण दीडपट झालं, पोहे आणि रवा दुप्पट. गॅस एरवी चाळीस दिवस पुरायचा, तो चार आठवड्यांत संपायला आला. गॅसच्या बाबतीत लोकांनी इतकं घाबरून बुकिंग केलं की दोन सिलिंडरमध्ये किमान १५ दिवसांचं अंतर ठेवण्याचा नियम आला. टाळेबंदी लागल्यावर आठवडाभरानं आम्ही पुन्हा सगळं मोजलं आणि वहीतला डावा रकाना नव्यानं लिहिला. तो दुसरा रकानाच खरा.

धान्याच्या आधी दोन गोष्टी आणायला हव्या होत्या आणि त्या पहिल्या दोन दिवसांत आणल्या. एक सासूबाईंच्या गोळ्या, रक्तदाबाच्या आणि थायरॉईडच्या. औषधवाल्यांनी चिठ्ठीवर महिन्याभराच्याच दिल्या आणि पुढच्या महिन्याच्या बाजूला काढून ठेवतो म्हणाले. दुसरी गोष्ट सॅनिटरी पॅड. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. जीवनावश्यक म्हणजे दूध, भाजी, किराणा, औषधं एवढंच सगळीकडे बोललं जात होतं, पॅडचा कुणी उल्लेख करत नव्हतं, आणि शाळेत पॅड मिळणाऱ्या मुलींची तर शाळाच बंद झाली होती. साबण, हँडवॉश, पॅड या वस्तूही किराण्यातच धरायच्या, असा खुलासा केंद्राच्या गृहखात्यानं २९ मार्चला केला. तोवर कितीतरी दुकानांत पॅड संपले होते आणि नवा माल अडकला होता. घरातल्या याद्या बहुतेक वेळा बायकाच करतात आणि तरी स्वतःला लागणारी वस्तू शेवटी लिहितात. माझ्या वहीत ती दुसऱ्या ओळीत आहे, याचं मला समाधान आहे.

२२ तारखेच्या रात्रीपासून मुंबईच्या लोकल थांबल्या, २३ ला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ ला रात्री आठला २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. त्या रात्री परत गर्दी उसळली, पोलिसांना दुकानासमोर उभं राहावं लागलं. पाडव्याला आमच्याकडे साखरेची गाठी नव्हती. दारच्या कडुनिंबाचा पाला होता, गुढी उभी राहिली, श्रीखंडाऐवजी शिरा झाला.

टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात मी दुकानात गेले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. दुकानदार शेठ गेली पंचवीस वर्षं त्याच जागी आहेत. मी विचारलं, "शेठ, माल संपला का सगळीकडचाच?" ते म्हणाले, "ताई, माल भरपूर आहे. आणायला माणूस नाही." मग त्यांनी मला जे सांगितलं त्यावरून माझे पुढचे सगळे निर्णय ठरले. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात गोदामं भरलेली होती. पण पोती उचलणारे हमाल गावी निघून गेले किंवा घराबाहेर पडू शकत नव्हते. टेम्पोवाल्याला पास लागत होता. बाहेरच्या राज्यातून डाळ आणि तेल घेऊन निघालेले ट्रक नाक्यांवर उभे होते, कारण ड्रायव्हरला वाटेत जेवायला ढाबा नव्हता आणि परतीला भाडं नव्हतं. पॅकबंद मालाच्या कारखान्यांत निम्म्याहून कमी माणसं येत होती. पुढे वाचनात आलं की त्या १ एप्रिलला सरकारी गोदामांतला गहू-तांदूळ ठरलेल्या बफर साठ्याच्या (अडीअडचणीसाठी राखून ठेवायच्या धान्याच्या) दुपटीहून अधिक होता. धान्य देशात होतं. गोदामापासून फळीपर्यंतची वाट तुटली होती आणि ती सांधायला काही आठवडे लागणार होते.

म्हणजे वर्षभराचं भरायचं कारण नव्हतं. ती वाट सांधेपर्यंत घर चालेल एवढं पुरे होतं. आम्ही सहा आठवड्यांचं ठरवलं.

शेठनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मी त्यांना कायम मानेन. तेलाच्या एका डब्यातून ते पाव-पाव लिटरच्या पिशव्या भरून ठेवायचे, आणि डाळीच्या पाव किलोच्या पुड्या. मोठ्या गाडीतून आलेल्या एका गृहस्थांनी अख्खा पंधरा किलोचा डबा मागितला, पैसे वर देतो म्हणाले. शेठनी हात जोडून नाही म्हटलं. मागच्या वस्तीतली माणसं संध्याकाळी दिवसाच्या मजुरीतून वीस रुपयांचं तेल न्यायची, त्यांच्यासाठी तो डबा होता. आता मजुरीही नव्हती आणि बरेच जण उधारीवर नेत होते. त्या डब्यात किती घरांचं कालवण आहे हे शेठना ठाऊक होतं. साठेबाजीविरुद्ध कायदे झाले, मास्क आणि सॅनिटायझर १३ मार्चला जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत आले, दोनशे मिली सॅनिटायझरची किंमत शंभर रुपयांच्या वर नेता येणार नाही असं ठरलं, हे सगळं योग्यच होतं. पण आमच्या भागात टंचाई आवरली ती अशा दुकानदारांनी.

आमच्या इमारतीत वीसच्या वर घरं आहेत. त्यातली पाच-सहा घरं फक्त म्हाताऱ्या माणसांची, मुलं परदेशात किंवा बंगळुरूला. त्यांनी रांगेत उभं राहावं असं कुणालाच वाटत नव्हतं. व्हॉट्सॲपच्या गटावर सुरुवातीला फक्त अफवा आणि वाद होते: कुणाच्या घरात किती पोती आहेत, कोण लिफ्टमधून काय घेऊन गेलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंनी लिहिलं की प्रत्येकानं घरातलं जास्तीचं काय आहे आणि कमी काय आहे एवढंच कळवावं, बाकी काही लिहू नये. माझ्या वहीसारखी वही मग सगळ्या इमारतीची झाली.

बघितलं तर चित्र मजेशीर होतं. एका घरात चाळीस किलो साखर, एका घरात साखर नाहीच पण तूरडाळ दोन महिन्यांची. कुणाकडे साबणांचं खोकं, कुणाकडे अर्धी वडी. आम्ही अदलाबदल सुरू केली. त्याच्या जोडीला, नव्यानं आणायचं ते एकत्र आणायचं ठरलं. शेठना आठवड्याची एकच यादी द्यायची, त्यांनी पोत्यानं आणायचं, आमच्या पार्किंगमध्ये आम्हीच वजन करून वाटायचं. पैसे मोबाइलवरून, ज्यांना ते जमत नव्हतं त्यांनी पाकिटात घालून. एकेका घराला ठरलेली वेळ दिली, खडूनं चौकोन आखले. वजनाचं काम माझ्याकडे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या एका मुलाकडे होतं.

एकत्र साठ्याचं गणित माणशी साठ्यापेक्षा निराळं असतं हे मला पार्किंगमध्ये कळलं. प्रत्येक घर आपल्या भीतीपुरतं जास्तीचं ठेवतं, कुणाकडे पाहुणे आले तर, कुणी आजारी पडलं तर. वीस घरांनी तसं ठेवलं तर वीस पट जास्तीचं लागतं. पण वीसही घरांत एकाच आठवड्यात अडचण येत नाही. पाच किलो डाळ, दहा लिटर तेल, दहा किलो तांदूळ, थोडा गूळ, मीठ आणि साबण एवढं तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत ठेवलं आणि किल्ली देशपांडे काकूंकडे दिली. त्यानंतर घराघरातली धास्ती कमी झाल्याचं याद्यांवरूनच दिसलं. लोक दोन किलोऐवजी एक किलो लिहायला लागले.

भाजीसाठी पुरंदरकडच्या शेतकऱ्यांचा एक गट थेट गाडी घेऊन यायला लागला. शहरातल्या पेठा सील झाल्या, मार्केट यार्ड काही काळ बंद राहिलं, तेव्हा पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांची चूल अशाच गाड्यांवर चालली. टोमॅटो, मेथी, कोबी, दोडका, जे असेल ते एका पिशवीत, ठरलेल्या भावात. निवडानिवड नाही. त्याच वाटेनं एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बागायतदारांचा हापूसही पेट्या भरून थेट दारात आला. बाजार बंद पडल्यावर शेतकऱ्याचा माल शेतात सडणार होता आणि आमच्या घरात भाजी नव्हती. दोन्ही टोकं एका टेम्पोनं जोडली गेली.

गव्हाची गोष्ट मात्र निराळीच झाली. गहू भरपूर, पण पीठ नाही. पिठाच्या गिरणीला चालू ठेवायची परवानगी होती, पण आमचा गिरणीवाला पाडव्याच्या आधी गावी गेला तो तिकडेच अडकला. दुसरी गिरणी लांब, वाटेत पोलिसांचे अडथळे. तयार आटा दुकानात येत नव्हता. घरात पोतं भरलेलं असताना पोळी होऊ नये, हे सासूबाईंनाही नवं होतं. त्यांचं जातं गॅलरीत होतं, त्यावर डाळीचा भरडा आणि थोडा सांजा काढला, पण पाच माणसांचं रोजचं पीठ जात्यावर काढणं साठीपुढच्या खांद्यांना झेपणारं नाही. मग तांदूळ जास्त, पोळी एकवेळ, खिचडी, गव्हाची खीर, थालीपिठाची भाजणी जपून. इमारतीत एका घरी घरघंटी होती. त्या वहिनींनी स्वतःहून सांगितलं की रोज दोन घरांचं दळून देते. घरघंटीचा आवाज दुपारी जिन्यात ऐकू यायचा. वीजबिलाचे पैसे आम्ही वर्गणीतून दिले, त्या नको म्हणत होत्या तरी. बेगमी करताना वस्तूच्या पुढची पायरी बघायची, हे तेव्हापासून वहीत लिहिलेलं आहे: गव्हाबरोबर दळण, डाळीबरोबर कुकरची शिट्टी आणि रिंग, मिक्सरबरोबर वीज गेली तर खलबत्ता, सिलिंडरबरोबर लायटर आणि काडेपेटी.

एप्रिल-मे हे घरातल्या साठवणीचे महिने. एरवी ते उरकून टाकायचं काम असतं, त्या वर्षी सगळे घरात असल्यामुळे नीट झालं. नव्या गव्हाची दोन पोती शेठनी मिळवून दिली. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून गहू कडक उन्हात वाळवले. दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, ही सासूबाईंची परीक्षा. ओल राहिली की सोंडे होणारच. वाळलेले गहू चाळले, पूर्ण गार होऊ दिले (गरम भरले तर कोठीत आतून घाम धरतो), मग एरंडेल तेलाचा हात लावून पत्र्याच्या कोठीत भरले, थराथरात वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे. तूरडाळीलाही एरंडेल चोळतात, ती मग पावसाळाभर जाळी धरत नाही. तांदळाला सासूबाई बोरिक पावडर लावायच्या, आता आम्ही ती लावत नाही, कमी आणतो आणि लवकर संपवतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मी सगळ्यांना जीव तोडून सांगते. गटावर कुणीतरी लिहिलं होतं की गोदामात ठेवतात त्या गोळ्या धान्यात टाका, वर्षभर कीड लागत नाही. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. त्या गोळ्या गोदामातच, जाणकार माणसांनी, सगळं सील करून वापरायच्या. घरात, झोपायच्या खोलीत पलंगाखाली पोतं असताना तर मुळीच नाहीत. त्या काळात घरोघर धान्य वाढलेलं होतं, म्हणून हे सांगणं जास्तच गरजेचं होतं.

मांडणीचा नियम आमच्याकडे एकच, आधीचं आधी. नवीन आणलेलं मागे आणि खाली, जुनं पुढे. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून महिना लिहायचा. ते काम धाकट्याकडे होतं आणि त्यानं ते फार मन लावून केलं.

त्या उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चिकवड्या सगळं गच्चीवर झालं. भाजी न मिळण्याच्या दिवसांत सांडग्यांच्या आमटीनं आणि डाळीच्या पिठल्यानं घर चालवलं.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. त्यांचा पगार आम्ही चालू ठेवला, बहुतेक घरांनी ठेवला, सगळ्यांनी नाही. त्यांच्या वस्तीला पत्रे लावून वाटा बंद केल्या तेव्हा फोनवर बोलणं व्हायचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, तिथे सहा आठवड्यांचं सामान ठेवायचं कुठे आणि आणायचं कशानं? सामान साठवा किंवा साठवू नका, हे दोन्ही सल्ले ज्यांच्या घरात फडताळ आहे त्यांच्यासाठी होते. बेगमी ही पैसा, जागा आणि पगाराची खात्री असलेल्यांची सोय आहे, हे मी तेव्हा जेवढं जवळून पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

रेशनचं काय झालं ते मावशींकडून कळत गेलं. केंद्राच्या योजनेत एप्रिल ते जून माणशी दरमहा पाच किलो धान्य फुकट आणि कार्डामागे एक किलो डाळ होती. मावशींच्या शेजाऱ्यांना तांदूळ मिळाला. योजनेत न बसणाऱ्या केशरी कार्डवाल्यांसाठी राज्यानं मे आणि जूनला माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना केली होती. ही मोठी मदत होती. पण मावशींचं स्वतःचं कार्ड तुळजापूरकडच्या गावी सासऱ्यांच्या नावावर. पुण्यात त्या नावानं काही मिळेना. शहरात राबणाऱ्या किती माणसांची कार्डं अशी गावात पडून होती, कोण जाणे.

म्हणून सोसायटीच्या खोलीतून किट निघायला लागले. किट बांधताना मावशींना आधी विचारलं काय हवं. त्या म्हणाल्या, "ताई, तांदूळ सगळेच देत्यात. तेल, तिखट, मीठ न् साबण द्या. अन् जमलं तर चहा-साखर." वाटप करणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं. तांदळाच्या थैल्यांबरोबर फोटो निघत होते आणि फोडणीला तेल नव्हतं, मुलांची डोकी धुवायला साबण नव्हता. आमच्या किटमध्ये पाच किलो गव्हाचं पीठ असायचं (त्या वहिनींच्या घरघंटीवर दळलेलं), तीन किलो तांदूळ, दोन किलो डाळ, लिटरभर तेल, किलोभर साखर, चहा, मीठ, तिखट-हळद, कांदे, अंगाचा आणि कपड्याचा साबण, पॅडचं एक पाकीट. काही घरांत गॅसही संपलेला होता, त्यांना शिजवलेलं अन्न लागायचं. ते काम गुरुद्वारातली मंडळी आणि आसपासची गणेश मंडळं करत होती.

जुलैमध्ये सगळ्या तयारीची परीक्षा झाली. १० जुलैला जाहीर झालं की १३ च्या मध्यरात्रीपासून २३ पर्यंत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी, आणि पहिले पाच दिवस दूध आणि औषधं सोडून काहीही मिळणार नाही. मधले दोन-तीन दिवस शहरभर दुकानांपुढे मार्चसारखीच झुंबड होती, फरक इतकाच की आता संसर्ग खरोखर पसरलेला होता. रांगेत उभं राहणंच त्या आठवड्यातलं सगळ्यात धोक्याचं काम होतं. आमच्या इमारतीतून त्या तीन दिवसांत भाजीची एक गाडी सोडली तर कुणाला बाहेर पडावं लागलं नाही. वही बघितली, दोन घरांत तेल कमी होतं, खोलीतून दिलं. साठा कशासाठी करायचा याचं उत्तर मला त्या आठवड्यात मिळालं: गर्दीच्या दिवशी गर्दीत जावं लागू नये म्हणून. ज्याला साठवणं शक्य आहे त्यानं आधी, शांतपणे, थोडं थोडं साठवलं, तर ऐन दिवशी रांग तेवढी लहान होते आणि रोज आणून रोज खाणाऱ्याच्या वाट्याला काउंटर मोकळा राहतो.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, किराण्याची चिंता फारशी नव्हती. २० एप्रिलपासून दुकानं सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी होती, पण माल होता, शेठ होते, यादी होती. या वेळी माणसं वेगळं काही साठवायला धावली. कोरोनाच्या रुग्णांना देत त्या रेमडेसिविरची इंजेक्शनं कुणी कुणी ओळखीनं मिळवून फ्रिजमध्ये ठेवली, ऑक्सिजनचे सिलिंडर घरात आणून ठेवले, लागले तर असावेत म्हणून. त्याच दिवसांत रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन शहरभर फिरत होते. ११ एप्रिलला केंद्रानं रेमडेसिविरची निर्यात थांबवली, तरी पुरत नव्हतं. माझ्या मावसभावासाठी आम्ही एक रात्र फोनवर काढली आहे, म्हणून हे मी पोटतिडकीनं लिहिते. तेल-डाळ घरात जास्तीची राहिली तर कुणाची तरी गैरसोय होते. इंजेक्शन किंवा ऑक्सिजन कपाटात राहिला तर खाटेवरचा माणूस जातो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्या इंजेक्शनचा घरी उपयोगही नसतो. इमारतीच्या गटावर देशपांडे काकूंनी हे स्पष्ट लिहिलं आणि एका घरातून दोन कुप्या त्याच संध्याकाळी एका रुग्णालयाकडे गेल्या. घरात ठेवायचं ते काय, याची यादी आम्ही आमच्या डॉक्टरांकडून घेतली: थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, मास्क. ऑक्सिमीटर प्रत्येक घराला नको, इमारतीत तीन पुरे. ते आलटून-पालटून वापरले, दर वेळी पुसून.

आता माझ्या कोठीत गहू सोडून बाकीचं धान्य एका वेळी दीड महिन्याचं असतं, त्याहून जास्त नाही. गव्हाचं वर्षाचं भरणं आम्ही बंद केलं नाही, पण ते तीन घरं मिळून करतो, उन्हाळ्यात एकाच गच्चीवर वाळवतो. तेल, डाळ, मीठ, साबण, पॅड आणि सासूबाईंच्या गोळ्या यांचा एक महिना पुढचा असतो. सोसायटीच्या खोलीतलं सामान दर तीन महिन्यांनी वापरून नवीन भरलं जातं, जुनं निघतं ते वॉचमनच्या आणि सफाईच्या माणसांच्या घरी जातं, मुदत संपायच्या कितीतरी आधी. मावशींच्या कार्डावर आता पुण्यात धान्य मिळतं. त्यासाठी अंगठा द्यायला सासऱ्यांना एकदा गावच्या दुकानात जावं लागलं, नावं जोडून घ्यावी लागली, आणि तो अर्ज भरायला माझी मुलगी मावशींबरोबर बसली होती. आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या आणखी चौघींची कार्डं अजून गावाच्या नावावर आहेत, त्यांचे कागद गोळा करणं सध्या चालू आहे.